घट्ट पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. ती वडिलांची थोरली बहीण, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. म्हणून पाचवीला मला तिच्याकडे ठेवलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी तिच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्येच राहिलो. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा. आत्या स्वतः चौथी शिकलेली, बोट ठेवून एकेक शब्द वाचते. त्या कागदावर माझं नाव सापडेपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही.

शाळा सुटली की मी वॉर्डाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून गृहपाठ करायचो. आत फिनेलचा वास असायचा आणि आत्याच्या चपलांचा आवाज. तिच्या टेबलावर स्टीलचा तांब्या, वर पालथं फुलपात्र. बाळंतिणी, अपघाताचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, पोलीस, कुणीही हाक मारली की ती तांब्या घेऊन निघायची. मला म्हणायची, "पाणी मागणाऱ्याला न्हाई म्हणू नये रे लेकरा. वैरी असला तरी."

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता: जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण, काम करता करता. मी पुण्यात राहून दीड वर्ष जर्मन शिकलो. वडिलांना पटत नव्हतं. "बी.एस्सी. होऊन पोरानं परदेशात जाऊन आयाचं काम करायचं?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. आत्या चहा गाळत होती. न वळता म्हणाली, "का? मी काय चोऱ्या केल्या का इतकी वर्षं?" मग मी न्युरेम्बर्गला आलो.

त्या पहिल्या महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर मी थंडीचं सांगतो. खरं म्हणजे होती ती भीती. वॉर्डातला फोन वाजला की मी कपाट आवरायला लागायचो. पलीकडून इकडच्या बोलीत कुणी बोललं तर मला अर्धंच कळे. लेटरबॉक्समध्ये सरकारी पाकीट दिसलं की ते उघडण्याआधी मी हात धुवायचो, का ते मलाही माहीत नाही. आणि या सगळ्या भीतीच्या तळाशी एक शब्द होता, प्रोबेत्साइट. म्हणजे पहिले सहा महिने पारखण्याचे. त्या काळात ते तुम्हाला काढून टाकू शकतात. माझा व्हिसा त्या शिक्षणावर उभा होता, आणि त्या व्हिसावर आमचं अख्खं घर उभं होतं असं मला वाटायचं. गावात वडिलांचे पेढे वाटून झाले होते.

दर रविवारी आत्याचा फोन यायचा. "कसं हाय?" "सगळं ठीक." "जेवलास?" "जेवलो." तेवढंच. तिला माझ्या आवाजातलं कळेल म्हणून मी लवकर ठेवून द्यायचो.

आमचं शिक्षण असं असतं, काही आठवडे शाळेत, काही आठवडे वॉर्डात. वॉर्डात शिकवायला एक अनुभवी नर्स नेमलेली असते. माझ्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला अगं-तुगं कर, इथे सगळे तसंच करतात. माझ्या तोंडून ते निघेना. मनात तर मी त्यांना शाळेतल्यासारखं 'बाई'च म्हणायचो. पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, छातीवरच्या खिशात चार पेनं. रागावायच्या नाहीत. त्यांचं न रागावणंच मला जास्त भ्यायला लावायचं.

पाचव्या महिन्यात आमच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर पेन्सिलींच्या कारखान्यात काम केलेले. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेली आणि गिळण्याचे स्नायू ढिले झालेले. अशा माणसाने साधं पाणी प्यायलं तर ते अन्ननलिकेऐवजी फुफ्फुसात उतरू शकतं. म्हणून त्यांच्या पाण्यात एक पावडर मिसळायची, ते पातळ अंबिलीसारखं घट्ट होतं, आणि ते चमच्याने द्यायचं. उशाशी भिंतीवर तशी पाटी होती. मी ती रोज वाचत होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं अज्ञान कुठेच नव्हतं.

पेशंटला नातं लावायचं नाही, 'हेर' किंवा 'फ्राऊ', म्हणजे श्रीयुत किंवा श्रीमती, म्हणूनच हाक मारायची, असं वर्गात शिकवलं होतं. मी तसंच म्हणायचो. मनात ते आजोबाच होते. ते मला 'युंगे' म्हणायचे, म्हणजे पोरा. त्यांची जीभ जड होती, शब्द थोडेच उरले होते, आणि त्यातला एक मला दिला होता याचा मला अभिमान वाटायचा.

तो शुक्रवार होता. सकाळची पाळी. साडेनऊच्या सुमारास मी त्यांना अंघोळ घातली, दाढी केली, खुर्चीत बसवलं. शेजारची खाट त्या दिवशी रिकामी होती. मी टॉवेल घडी करत असताना ते म्हणाले, "वासर."

पाणी.

मी घट्ट पाण्याचा कप उचलला. त्यांनी मान फिरवली. डाव्या हाताने माझी बाही धरली आणि बेसिनच्या नळाकडे बघत पुन्हा म्हणाले, "वासर, युंगे. बिट्टे."

ओठ सोललेले होते. डोळे माझ्यावर. इतक्या वयाचा माणूस मला 'कृपा करून' म्हणत होता, पाण्यासाठी. मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. माझा हात गेला. दात घासायचा पेला नळाखाली धरला, अर्धा भरला आणि त्यांच्या ओठांना लावला.

पहिले दोन घोट ते डोळे मिटून प्यायले. तिसऱ्याला खोकला आला.

तसा खोकला मी आधी ऐकला नव्हता. आतून, ओला, एकामागून एक. चेहरा लाल, मग जांभळट. मी त्यांना पुढे वाकवून धरलं. दोन-तीन मिनिटांनी खोकला थांबला. मी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ब्याण्णव, मग हळूहळू चौऱ्याण्णव. आजोबांनी माझा हात थोपटला. "गुट, युंगे." ठीक आहे, पोरा. पण आवाज बदलला होता. घशात पाणी खुळखुळल्यासारखा.

मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं.

मग मी तो पेला धुतला, कागदाने पुसून कोरडा केला आणि होता तसा पालथा ठेवला. दात घासायचा पेला कुणी पुसून ठेवतं का? चोरच ठेवतो.

कॉम्प्युटरवर मी नोंद केली: अंघोळ, दाढी, खुर्चीत बसवले. बाकी विशेष काही नाही.

पुढचे तीन तास मी काम करत होतो. खाटा बदलल्या, एका आजींचे मोजे चढवले. चहाच्या सुट्टीत ब्रेडचा एक घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. बाई समोर बसल्या होत्या. "काय, सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"हो, हो. सगळं ठीक."

म्हणताना मला आत्याचा रविवारचा फोन आठवला. अगदी तोच आवाज होता माझा.

सांगितलं तर शिक्षण जाईल, व्हिसा जाईल. न सांगितलं तर कुणाला कळणार नाही, आणि ते मेले तर मला एकट्यालाच कळेल. या दोन भीती माझ्या छातीत पाळी लावून बसल्या होत्या, एक उठली की दुसरी बसे. दर थोड्या वेळाने मी त्यांच्या खोलीवरून जात होतो. आत खोकला ऐकू आला की घाबरत होतो आणि नाही आला की जास्त घाबरत होतो.

साडेबाराला दुपारच्या पाळीची माणसं आली. पाळी बदलताना एका खोलीत बसून प्रत्येक पेशंटची माहिती पुढच्यांना द्यायची असते. बाई स्क्रीनवरून वाचत होत्या. आजोबांचा नंबर आला. "अंघोळ झाली, खुर्चीत बसले, बाकी विशेष काही नाही," त्यांनी वाचलं आणि पुढच्या पेशंटवर गेल्या.

ते माझं वाक्य होतं. बाईंच्या तोंडून ते खरं वाटत होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती.

"थांबा," मी म्हणालो. पुढचं जर्मन कुठे गेलं कुणास ठाऊक. "मी पाणी दिलं. पावडर नाही. त्यांना. मी."

कुणीतरी कॉफीचा कप खाली ठेवला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अर्धा पेला. तीन घोट. खोकले ते."

"केव्हा?"

"साडेनऊला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. उठल्या आणि माझ्याकडे न बघता थेट आजोबांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर आले, छाती तपासली. उजवीकडे खाली थोडा आवाज आहे, लक्ष ठेवा, दर चार तासांनी ताप बघा, असं सांगून गेले. आजोबांच्या मुलीला डॉक्टरांनीच फोन करून कळवलं. मी दाराबाहेर उभा होतो. त्यांच्या बोलण्यात 'शिकाऊ' हा शब्द आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं.

मग बाईंनी मला औषधांच्या खोलीत नेलं. "तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"त्यांनी मागितलं."

मी सांगायचा प्रयत्न केला, की आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, तसं वाढवलंय मला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे माणसांचे घसे वेगळे असतात का?"

त्यांनी कपाटातून पावडरचा डबा काढला, एका कपात पाणी घेतलं, मोजून पावडर टाकली, ढवळलं आणि कप चमच्यासकट माझ्या हातात दिला. "पी. सगळं."

ते पाणी तोंडात गेलं आणि जिभेवर बसूनच राहिलं. गिळलं तरी गेल्यासारखं वाटेना. कप संपला तेव्हा मला आधीपेक्षा जास्त तहान लागली होती.

"आता कळलं ते नळाकडे का बघतात?" बाई म्हणाल्या. "मलाही कळतं. तरी मी देत नाही. ते रागावतात, मी ऐकून घेते. तोही कामाचा भाग आहे." मग त्यांनी मला घटनेचा अहवाल लिहायला बसवलं. माझी वाक्यं मोडकी होती, त्या खांद्यावरून वाचत होत्या. "भाषा राहू दे. वेळा बरोबर लिही. दोन्ही."

दोन्ही म्हणजे साडेनऊ आणि साडेबारा.

शनिवारी सकाळी ताप थोडा वर होता. दुपारी अडतीसच्या पुढे गेला, म्हणजे आपल्या हिशेबात शंभराच्या वर. रविवारी मला सुट्टी होती, आणि सुट्टी असणं ही त्या आठवड्यातली सगळ्यात मोठी शिक्षा ठरली.

त्या रविवारी न्युरेम्बर्गमधल्याच एका मराठी कुटुंबाने मला जेवायला बोलावलं होतं. पुण्याचे. मी त्यांना दादा-वहिनी म्हणायचो, दादा सॉफ्टवेअरमध्ये. गणपतीत ओळख झाली होती. दार उघडताच वहिनींनी आपल्याकडे आणतात तसं न विचारता पाण्याचा ग्लास आणला. मी तो हातात धरून बसलो.

"अरे, पी की. काय विचार करतोस?" दादा म्हणाले. "केमिस्ट्रीवाला ना तू? तपासून घेतोस की काय?" स्वतःच हसले. "खरं सांगू, अजून वेळ गेलेली नाही. मास्टर्सला अप्लाय कर. मुलगा आहेस, जन्मभर बेडपॅन उचलणार का?"

"अहो, गप्प बसा तुम्ही," वहिनी आतून म्हणाल्या. "परवा तुमचे वडील पडले तेव्हा इथून फोनवर कुणाला शोधत होतात? सॉफ्टवेअरवाल्याला?"

त्यांची लहान मुलगी टेबलाखालून माझ्याकडे बघत होती. मराठीत विचारलेलं सगळं तिला कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. तिने विचारलं, तू आजारी आहेस का. मी नाही म्हणालो. ती आईला म्हणाली, "खोटं बोलतोय तो."

आत्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या बाल्कनीत होतो. मी उचलला नाही. पहिल्यांदाच.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधीच पोहोचलो. आजोबा खाटेवर होते. हाताला सलाईन, त्यातून अँटिबायोटिक. नाकाला ऑक्सिजनची नळी. श्वास भरभर चाललेला. पण डोळे उघडे होते, आणि त्यांनी मला ओळखलं.

"युंगे," ते म्हणाले. आणि मग, "वासर."

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

मी त्या खाटेजवळ उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाणी मागणाऱ्याला नाही म्हणालो. तोंडाने म्हणालो, पण पाय हलत नव्हते. आजोबा बघत होते. आणि तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी मी साफ विसरलो होतो.

मी सहावीत असेन. दवाखान्यात एका बाईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पाणी मागत होती. दुपारभर. आत्याने दिलं नाही. त्या बाईचा भाऊ आत्याला शिव्या देत होता, "दगड आहे का ग तू?" तिने वाटीत पाणी घेतलं, त्यात कापूस बुडवला, पिळला आणि त्या बाईच्या ओठांवरून फिरवला. थोड्या वेळाने पुन्हा. मी गृहपाठ संपवून झोपाळलो, तरी ती स्टुलावर बसलेलीच होती.

तिचा तांब्या मी जर्मनीपर्यंत लक्षात ठेवला होता. कापूस विसरलो होतो.

मी ट्रॉलीवरून तोंड स्वच्छ करायचे फोमचे बोळे घेतले. थंड पाण्यात बुडवून चांगला पिळला आणि त्यांच्या ओठांवरून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवला. आजोबांनी बोळा दातात धरून ठेवला. मी थांबलो, मग हलकेच सोडवला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी तोंड फिरवलं आणि एक शब्द उच्चारला. तो मला वर्गात शिकवलेला नव्हता, पण कळला.

दोन दिवस ते मला युंगे म्हणाले नाहीत. मी दर तासाला जात राहिलो.

बुधवारी ताप उतरला. त्याच दिवशी मला खाली ऑफिसात बोलावलं होतं. टेबलाच्या पलीकडे शाळेच्या प्रमुख, नर्सिंगच्या प्रमुख आणि बाई. माझा अहवाल मध्ये पडलेला. बोलायला सांगितल्यावर मी काहीच लपवलं नाही, पुसलेला पेलासुद्धा सांगितला. तो अहवालात नव्हता. शाळेच्या प्रमुखांनी माझ्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "पाण्यासाठी मी त्याला काढणार नाही. तीन तास लपवलं, त्याबद्दल काढायचा विचार केला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तीन मिनिटांत सांग."

त्यांनी मला ठेवलं. डॉक्टरांना मी नंतर विचारलं, न्यूमोनिया माझ्या पाण्यामुळेच झाला का. ते म्हणाले, अशा पेशंटच्या छातीत स्वतःची लाळही उतरते, सांगता येणार नाही. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी आत्याला पत्र लिहिलं. फोनवर मी पुन्हा 'सगळं ठीक' म्हणालो असतो. पत्र ती बोट ठेवून वाचते, एकेक शब्द. तिथे घाईने पुढे जाता येत नाही.

आत्या,

पाया पडतो. रविवारी फोन उचलला नाही. कामात नव्हतो. तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती.

माझ्या हातून एक चूक झाली. एक म्हातारे आहेत इथे, त्यांना साधं पाणी द्यायचं नव्हतं. त्यांनी मागितलं आणि मी दिलं. ते त्यांच्या छातीत गेलं असावं. ताप आला, औषधं चालू आहेत. आज ताप उतरला. जगतील असं डॉक्टर म्हणतात. मी ते तीन तास कुणाला सांगितलं नाही. पाणी दिलं त्याहून हे वाईट. इथल्या बाईंनीही तेच सांगितलं. मला काढलं नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस, मीच सांगेन, पण आधी तुला.

मी बाईंना म्हणालो की आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. तुझं वाक्य मी ढालीसारखं पुढे केलं. नंतर आठवलं, ती पोटाचं ऑपरेशन झालेली बाई. तू तिला पाणी दिलं नव्हतंस. तिचा भाऊ तुला काय काय बोलला. तू कापूस भिजवून बसली होतीस. मी बाकावर होतो, सगळं बघत होतो, आणि मोठा झाल्यावर फक्त सोपं तेवढं लक्षात ठेवलं.

एक विचारायचं आहे. तेव्हा तुला भीती वाटली होती का? घरी आल्यावर तू भाकरी केलीस, मला वाढलंस, रोजच्यासारखी. मला वाटायचं तुला कशाची भीती वाटत नाही, म्हणून तू ते काम करू शकतेस. आता वाटतं, तसं नसेल. मला रोज सकाळी भीती वाटते. पाळीवर जाताना ट्राममध्ये हात गार पडतात. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, जाऊ देऊ नकोस ती, फक्त लपवू नकोस.

पुढच्या रविवारी फोन कर. 'कसं हाय' असं विचार. मी खरं सांगेन. आवाज कापला तर कापू दे, तू ठेवू नकोस.

आजोबा, म्हणजे ते म्हातारे, आज पहिल्यांदा पुन्हा मला पोरा म्हणाले. मग पाणी मागितलं. मी नाही म्हणालो, आणि कापूस घेऊन बसलो.

तुझा,
लेकरू